पंचाहत्तर रुपयांचे प्राध्यापक

१८९० च्या ऑक्टोबरात बाळ गंगाधर टिळकांनी पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला आणि डिसेंबरात त्यामागची कारणे सांगणारे एक लांबलचक निवेदन सोसायटीपुढे ठेवले. टिळक तेव्हा चौतीस वर्षांचे होते आणि फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. मराठी वाचकाला हा प्रसंग टिळक-आगरकर वाद म्हणून ठाऊक असतो. आधी राजकीय की आधी सामाजिक, केसरी आणि सुधारक, संमतिवयाचे बिल, याच अंगाने तो आपण शाळेपासून ऐकत आलो. निवेदनात मात्र पुन्हा पुन्हा डोके वर काढतात ते दुसरेच प्रश्न. प्राध्यापकाने पगार किती घ्यावा? तो वाढवून मागावा का? बाहेर चार पैसे मिळाले तर ते त्याचे की संस्थेचे? कॉलेजाखेरीज दुसरे काम त्याने अंगावर घ्यावे का? मराठी माणसांनी स्वतःच्या हिमतीवर काढलेल्या कॉलेजात पहिली मोठी फूट पडली, तिच्या मुळाशी सुधारणेच्या मतभेदांइतकाच हा पैशाचा प्रश्न होता.

तो समजून घ्यायचा तर त्या काळी उच्च शिक्षणाचा खर्च कोण उचलत होते, हे आधी पाहायला हवे.

पेशवाईत पुण्यात दरसाल श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. राज्य गेल्यावर इंग्रजांनी ती एकदम बंद केली नाही. रक्कम कमी केली आणि त्या निधीच्या आधारावर ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. या पाठशाळेचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. १८४९ साली गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या काही मित्रांनी सरकारकडे अर्ज केला की दक्षिणेचा पैसा मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. शहरातले सनातनी खवळले आणि जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. सार्वजनिक पैसा कोणत्या विद्येवर आणि कोणासाठी खर्च व्हावा, यावर आपल्याकडे झालेले हे बहुधा पहिले जाहीर भांडण असावे. पुढे याच निधीतून दक्षिणा फेलोशिप सुरू झाल्या. महादेव गोविंद रानडे विद्यार्थी असताना त्यांना ज्युनियर फेलो म्हणून महिना ६० रुपये आणि नंतर सीनियर फेलो म्हणून १२० रुपये मिळाले. हा १२० चा आकडा लक्षात ठेवावा, कारण तीस वर्षांनंतर पुण्यातच एका कॉलेजचे प्राचार्यसुद्धा त्याहून बऱ्याच कमी पगारावर काम करणार होते. त्या पैशाला दोरीही बांधलेली होती. एका निबंधात मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्यावर टीका केली, म्हणून प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने रोखून धरली.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे शिकवायचे कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकला १३२ जण बसले, २२ पास झाले. त्यांत रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. अशा विद्यापीठाला प्राध्यापकांच्या पगाराची चिंता नव्हती. इमारती मुंबईच्या धनिकांनी बांधून दिल्या. पदवीदान सभागृहासाठी कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी एक लाख रुपये दिले, ग्रंथालय आणि राजाबाई टॉवरसाठी प्रेमचंद रायचंद यांनी चार लाख. कापसाच्या तेजीतला हा पैसा आजही ओव्हल मैदानावरून दगडी कमानींच्या रूपाने दिसतो. शिकवणाऱ्याचा महिन्याचा पगार ही मात्र कोनशिला बसवण्याजोगी गोष्ट नसते, त्यामुळे दानशूरांचे लक्ष तिकडे कमी गेले. ही तऱ्हा अजून फारशी बदललेली नाही.

सरकारी कॉलेजात पगार भरघोस होते, पण ते साहेबांसाठी. १८९६ च्या फेररचनेनंतर इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसमधल्या प्राध्यापकाला सुरुवातीलाच ५०० रुपये मिळत आणि ते वाढत वाढत हजारापर्यंत जात. हिंदी माणूस कितीही विद्वान असला तरी त्याच्यासाठी खालची पायरी ठरलेली असे. भांडारकरांनी एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापकपद काही वर्षे हंगामी म्हणून सांभाळले, आणि कायम नेमणुकीची वेळ आली तेव्हा ती जागा पीटर पीटरसन यांना मिळाली. युरोपातले पंडित ज्यांच्या लेखांची वाट पाहत त्या माणसाला हाताखालचा म्हणून काम करावे लागले.

या पार्श्वभूमीवर १८७९ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शिक्षकाची नोकरी सोडली आणि २ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले. टिळक आणि माधवराव नामजोशी बरोबर होते. वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर थोड्याच दिवसांत येऊन मिळाले. पहिल्या वर्षी चिपळूणकर आणि टिळक यांनी शाळेतून पगार घेतला नाही. आगरकरांनी एम.ए. होण्याआधीच आईला पत्र लिहून कळवले होते की मुलगा आता मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा तिने सोडावी, पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ तो लोकांसाठी घालवणार आहे. ते कोणत्या घरातल्या मुलाने लिहिले, हे ध्यानात घेतले पाहिजे. आगरकरांनी कऱ्हाडला कंपाउंडरची कामे केली होती. डेक्कन कॉलेजात त्यांच्याजवळ एकच सदरा होता. तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा.

१८८२ साली सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालचा शिक्षण आयोग मुंबई इलाख्यात आला. हंटर यांनी न्यू इंग्लिश स्कूल पाहिले आणि तोंडभरून स्तुती केली. सरकारी मदतीशिवाय हिंदी तरुण अशी शाळा चालवतात, याचे त्यांना अप्रूप वाटले. या अप्रुपामागे एक धोरणही होते. सरकारने उच्च शिक्षणातून हळूहळू अंग काढून घ्यावे, कॉलेजे खासगी लोकांनी काढावीत आणि सरकारने फक्त अनुदान द्यावे, अशी आयोगाची शिफारस होती. थोड्या पगारात राबणारे पदवीधर मिळत असतील तर सरकारला ते हवेच होते.

याच आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. त्या साली शिक्षणाच्या पैशाबद्दल इतके स्वच्छ दुसऱ्या कोणी लिहिले असेल असे मला वाटत नाही. सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणखात्याचा खर्च वरच्या वर्गांवर होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि प्राथमिक शाळेच्या मास्तराला निदान बारा रुपये, मोठ्या गावी पंधरा ते वीस रुपये पगार असावा, ही त्यांची मागणी. एवढे लिहिणारा माणूस कॉलेजांवरचा खर्च बंद करा म्हणेल असे कोणालाही वाटेल. फुल्यांनी उलट सांगितले. शाळा-कॉलेजांतून सरकारने अंग काढले तर शिक्षणाचा प्रसार खुंटेल आणि सरकारची सर्वांना समान लेखण्याची भूमिकाही धोक्यात येईल. खासगी हातात गेलेले कॉलेज कोणाच्या हातात जाईल, हे त्यांना नेमके दिसत होते.

२४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. नाव गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे. नामजोशी संस्थानिकांच्या दारी जाऊन देणग्या मिळवत, कारण त्यांच्यासारखा खटपट्या माणूस मंडळीत दुसरा नव्हता. उरलेला खर्च फी आणि सरकारी अनुदान यांतून भागवायचा. एवढ्याने कॉलेज चालत नाही, हे सर्वांना माहीत होते. तूट भरून काढण्याची जबाबदारी आजीव सदस्यांनी आपल्या पगारावर घेतली. वीस वर्षे सेवा करायची, महिन्याला पंचाहत्तर रुपये घ्यायचे आणि संस्थेने तीन हजारांचा आयुर्विमा उतरवायचा, असा नियम पुढे ठरून गेला. सुरुवातीला पगार याहूनही कमी होता. शिकवणाऱ्यांच्या पोटाला चिमटा घेऊन वाचवलेला पैसा हेच कॉलेजचे खरे भांडवल होते. देणगीदारांच्या यादीत त्यांची नावे सर्वांत वर हवी होती.

भांडण इथेच सुरू झाले. टिळकांचे म्हणणे होते की जेझुइट पाद्र्यांसारखे राहायचे ठरले आहे ना, मग पगार सर्वांचा सारखा आणि बेताचा असावा, बाहेर जे मिळेल ते संस्थेत जमा व्हावे आणि सारी शक्ती संस्थेसाठी खर्च व्हावी. आगरकर आणि इतर म्हणत की संसार वाढला, गरजा वाढल्या, तर पगार थोडा वाढवण्यात व्रतभंग कसला? शिकवून उरलेल्या वेळात माणसाने वर्तमानपत्र चालवले, पुस्तक लिहिले, सार्वजनिक काम केले, तर तो वेळ त्याचा स्वतःचा आहे. तरुण गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले, आणि ते टिळकांना मान्य झाले नाही. मग राजीनामा आला.

दोघांची बाजू मांडून मोकळे होणे सोपे आहे. मला मात्र या वादात आगरकरांचे म्हणणे अधिक खरे वाटते. अविवाहित, मठात राहणाऱ्या पाद्र्यांचा नियम पोराबाळांच्या माणसांना लावणे मुळातच चुकीचे होते. पाद्र्याच्या म्हातारपणाची आणि आजारपणाची काळजी त्याचा संघ घेतो. पुण्यातल्या प्राध्यापकाची विधवा भाड्याच्या खोलीत राहणार होती. टिळकांनीही राजीनाम्यानंतर कायद्याचे क्लास चालवले आणि लातूरच्या जिनिंगच्या कारखान्यात भागीदारी केली. संसार त्यांनाही होता. त्यात कमीपणा काही नाही. पण पंचाहत्तरांत घर आणि सार्वजनिक जीवन दोन्ही चालवणे किती कठीण होते, याची ही साक्ष आहे.

त्यागाची किंमत काही जणांनी आयुष्याने मोजली. चिपळूणकर १८८२ साली गेले, तेव्हा बत्तीस वर्षेही पुरी झाली नव्हती. फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे शाळा आणि कॉलेज सांभाळून संस्कृत-इंग्रजी कोश तयार करत होते. कोश १८९० साली निघाला आणि १८९२ साली चौतिसाव्या वर्षी ते वारले. त्यांच्या जागी आगरकर प्राचार्य झाले. दम्याने आधीच पोखरलेले शरीर १८९५ च्या जूनमध्ये थांबले, वय एकोणचाळीसच्या आत. मरणाआधी त्यांनी स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे पुडीत बांधून बाजूला ठेवले होते असे सांगतात. ही गोष्ट आपण फार अभिमानाने सांगतो. प्राचार्याला मरताना चितेच्या लाकडांचा हिशेब करावा लागतो, यात समाजाने अभिमान बाळगण्यासारखे काय आहे, हे मात्र विचारत नाही.

टिळकांनी सोडलेल्या गणिताच्या जागी १८९१ साली धोंडो केशव कर्वे आले. मुंबईत ते शाळांमधून शिकवत, शिवाय शिकवण्या करत, आणि त्यांची मिळकत बरी होती. ती सोडून ते पंचाहत्तरांवर आले आणि १९१४ पर्यंत राहिले. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. तो १९०० साली हिंगण्याच्या माळावर झोपडीत गेला, तेव्हा कॉलेज संपल्यावर कर्वे संध्याकाळी पायी हिंगण्याला जात, बऱ्याचदा आश्रमाचे सामान स्वतः वाहून नेत, आणि सकाळी पुन्हा पायी वर्गावर हजर होत. पावसाळ्यात तो रस्ता म्हणजे नुसता चिखल असे. गणिताचा एक प्राध्यापक पगारातून आश्रम चालवतो आणि त्याच आश्रमातून पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहते, हा पुण्याचाच इतिहास आहे. या विद्यापीठाला सरकारची मान्यता नव्हती आणि अनुदानही नव्हते. शिक्षण मराठीतून दिले जाई. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचे नाव विद्यापीठाला मिळाले. कायद्याने विद्यापीठ म्हणून मान्यता मिळायला मात्र स्वातंत्र्य उजाडावे लागले.

विद्यार्थ्याच्या खर्चाचे काय? पुण्या-मुंबईला राहून शिकायचे तर फीपेक्षा खोली आणि जेवण जड जाई. गरीब ब्राह्मण मुलगा वार लावून जेवे: सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, नाहीतर माधुकरी मागे. ही सोय अपमानाची होती, पण होती. मराठ्याच्या, माळ्याच्या, मुसलमानाच्या, महाराच्या मुलाला ते दार उघडेच नव्हते. फी माफ केली तरी रात्री निजायचे कुठे, हा प्रश्न उरत होता. म्हणून १९०१ पासून कोल्हापुरात शाहू महाराजांनी एकापाठोपाठ एक वसतिगृहे उभी केली. मला ही त्या काळातली सर्वांत नेमकी शैक्षणिक सुधारणा वाटते. शिक्षणाचा खरा खर्च कुठे आहे, हे राजवाड्यात बसून त्यांनी ओळखले. पुढे रयत शिक्षण संस्था काढणारे भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले विद्यार्थी होते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना महिना २५ रुपये शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले.

इकडे १९०२ साली लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने विद्यापीठ आयोग नेमला. कॉलेजांनी अमुक एका रकमेहून कमी फी घेऊ नये, असे त्याने सुचवले. दर्जा सांभाळायचा तर गर्दी कमी करावी, आणि गर्दी कमी करायची तर फी वाढवावी, हा त्यामागचा विचार. आयोगातले हिंदू सभासद न्यायमूर्ती गुरुदास बॅनर्जी यांनी आपले विरोधी मत नोंदवले. स्वस्त शिक्षण म्हणजे हलके शिक्षण, हा समज तेव्हापासून आपल्या मानगुटीवर बसला आहे. १९०४ चा विद्यापीठ कायदा झाला, विद्यापीठांवर सरकारचा ताबा घट्ट झाला आणि सुधारणेसाठी पाच वर्षे दरसाल पाच लाख रुपये मंजूर झाले. ते साऱ्या देशासाठी.

या कायद्याला कौन्सिलात कसून विरोध केला गोखल्यांनी. त्याआधी १९०२ सालीच ते फर्ग्युसनमधून बाहेर पडले होते. इतकी वर्षे इंग्रजी, इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवले, सुट्ट्यांत कॉलेजच्या इमारतीसाठी वर्गणी मागत फिरले, आणि अंकगणिताच्या पुस्तकाच्या मिळकतीने घराला हातभार लावला. २६ मार्च १९०२ ला त्यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. तिजोरीत शिल्लक दाखवता, लष्करावर वाढता खर्च करता, आणि शिक्षणाला पैसे नाहीत म्हणता, असा त्यांचा रोख दरवर्षी राहिला. १९११ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. ज्याने कॉलेजातली उमेदीची वर्षे अल्प पगारावर काढली, त्याने सरकारला एकदाही सांगितले नाही की शिक्षण त्यागावर चालेल. त्याने अर्थसंकल्पात तरतूद मागितली. गोखल्यांचे हे वागणे टिळक-आगरकर वादाचे खरे उत्तर आहे असे मी मानतो.

फर्ग्युसनमध्ये १९०२ साली प्राचार्य झाले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. केंब्रिजचे सीनियर रँग्लर, त्या परीक्षेत पहिला आलेला पहिला हिंदी माणूस. सरकारी नोकरीत शेकडो रुपये मिळाले असते, तेही पंचाहत्तरांवर आले. त्यांच्या कारकिर्दीत १९०५ साली विलायती कपड्यांच्या होळीबद्दल विनायक दामोदर सावरकरांना दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढण्यात आले आणि केसरीने परांजप्यांवर कडक टीका केली. ती शिक्षा कोत्या मनाची होती. तिचा विचार करताना हेही पाहावे लागते की कॉलेजची मान्यता आणि अनुदान दोन्हीही सरकारच्या हाती होते, आणि त्याखेरीज दुसरा मोठा आधार कॉलेजला नव्हता. रानड्यांची शिष्यवृत्ती रोखणारी दोरी तशीच होती, फक्त आता ती हिंदी प्राचार्याच्या हातून ओढली जात होती.

१९२१ साली द्विदल राज्यपद्धती आली आणि परांजपे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. शिक्षण हे 'सोपीव' खाते, ते हिंदी मंत्र्याकडे. अर्थखाते 'राखीव', ते गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. म्हणजे शाळा काढायची जबाबदारी मंत्र्याची आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा त्यांच्या काळात झाला, पण पैशाची ओढाताण सुटली नाही.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदेकौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर डॉ. आंबेडकर बोलले. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपयांवर प्राध्यापक होते आणि त्यातून पैसे साठवून लंडनला शिक्षण पुरे करायला गेले होते. सरकारी आणि खासगी कॉलेजांच्या पगारांतली दरी त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. भाषणात त्यांनी आकडेच मांडले. सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. आर्ट्स कॉलेजांच्या खर्चापैकी सुमारे ३६ टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या फीतून येते. याला त्यांनी शिक्षणाचा व्यापार म्हटले, आणि खालच्या वर्गांतली मुले आता कुठे कॉलेजच्या दाराशी येत असताना शिक्षण शक्य तितके स्वस्त असले पाहिजे, असे बजावले. फुल्यांच्या निवेदनाला तेव्हा पंचेचाळीस वर्षे होत आली होती.

पुढची गोष्ट वाचकांना बरीचशी माहीत आहे. १९४७ साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले आणि कमवा-शिका योजनेने खेड्यातली मुले पदवीधर केली. १९५९ पासून ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची, फीसवलत आली. वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असल्याचा दाखला आणला की फी माफ. माझ्या मते स्वतंत्र महाराष्ट्राने उच्च शिक्षणासाठी केलेले ते सर्वांत मोठे काम आहे, कारण शेतकऱ्यांच्या हजारो घरांत पहिला पदवीधर त्या दाखल्यावर झाला. सत्तरच्या दशकात खासगी कॉलेजांतल्या प्राध्यापकांनाही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेण्या आणि सरकारी तिजोरीतून पगार मिळू लागला. सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच, ही खासगी कॉलेजांतली जुनी तक्रार त्यामुळे पुष्कळ कमी झाली. ते दिवस आगरकरांनी पाहायला हवे होते.

ती व्यवस्था फार टिकली नाही. १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांचे दार उघडले आणि डोनेशन हा शब्द घराघरांत पोचला. १९८७ साली कॅपिटेशन फीबंदीचा कायदा करावा लागला. २००१ नंतर नवी महाविद्यालये कायम विनाअनुदान तत्त्वावरच मिळू लागली. २०१३ साली सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीसाठी प्राध्यापकांनी तीन महिने परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. थकबाकीचा वाटा राज्याने आधी द्यायचा की केंद्राने, हा हिशेब दोन सरकारांत अडकला होता आणि विद्यार्थी मधल्यामध्ये भरडले गेले. दरम्यान अनुदानित कॉलेजांत निवृत्त झालेल्यांची पदे वर्षानुवर्षे भरली गेली नाहीत. तिथे तासिका तत्त्वावर माणसे येऊ लागली. नेट-सेट झालेली, पीएचडी केलेली, चाळिशीकडे झुकलेली माणसे तासाप्रमाणे पैसे घेतात. ते पैसेही महिनोन्‌महिने उशिरा येतात, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच मिळत नाही. त्यांना रजा, विमा, निवृत्तिवेतन यांतले काही नाही. १८९१ च्या फर्ग्युसनमध्ये निदान बारा महिन्यांचा पगार आणि तीन हजारांचा विमा होता.

संस्थांच्या वर्धापनदिनी व्यासपीठावरून आगरकरांच्या सदऱ्याची आणि कर्व्यांच्या पायपिटीची आठवण काढली जाते. समोर तासिकेवरचा तरुण प्राध्यापक बसलेला असतो आणि त्यालाच त्या त्यागाचा धडा दिला जातो. या दोन गोष्टी एका मापाने मोजणे अन्यायाचे आहे. आगरकर, कर्वे, गोखले, परांजपे यांनी तो पगार स्वतः ठरवून घेतला होता, संस्था त्यांच्या मालकीची होती आणि देशात आपले सरकार नव्हते. आज सरकार आपले आहे, कर आपण भरतो आणि अर्थसंकल्प आपले प्रतिनिधी मंजूर करतात. आजच्या तरुणाने कसलेही व्रत घेतलेले नाही, त्याला दुसरी जागा मिळालेली नाही एवढेच.

येत्या जूनमध्ये मुलाला किंवा मुलीला कॉलेजात घालाल तेव्हा फीबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा: या विभागात मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि तासिकेवर किती जण शिकवतात. माहितीपुस्तिकेत हे सहसा छापलेले नसते. कॉलेजने उत्तर दिले नाही तर विद्यापीठाला विचारा, तिथेही मिळाले नाही तर आपल्या आमदाराला अधिवेशनाआधी पत्र लिहा.